दाविदाचा शेला

मी फार बोलणारा माणूस नाही. चर्चच्या मंडळीत मात्र लोक शास्त्रातलं काही विचारायचे आणि मी ठाऊक असो नसो, उत्तर द्यायचो. 'मला माहीत नाही' एवढं म्हणायला पन्नाशी उलटावी लागली. त्या उत्तरांचं ओझं मनावर होतं. कुणाला दिसत नव्हतं, म्हणून चालून जात होतं.

बायबलातल्या स्तोत्रांत मधूनच ओळीच्या शेवटी 'सेला' असा एकटाच शब्द येतो. लग्न नवं असताना बायकोनं विचारलं, "अहो, हे सेला म्हंजे काय?" मी भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. सुचलं ते ठोकून दिलं. "शेलाच तो. दावीद राजा स्तोत्र गाऊन घामाघूम झाला की शेल्यानं तोंड पुसायचा. तिथं खूण केलीय." तिला ते इतकं आवडलं की पुढं मलाही खरं वाटायला लागलं.

यंदा नवे पाळकसाहेब आले, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी शुक्रवारचा शास्त्रवर्ग काढला. मी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलो. शिकायला नाही, त्यांना तपासायला. त्या दिवशी नेमका सेला निघाला. "इब्री, म्हणजे हिब्रू शब्द आहे," ते म्हणाले. "गाताना थांबायची खूण असावी असं बरेच जण मानतात. नक्की काय, ते मलाही माहीत नाही." चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, असं सांगावं इतक्या सहज म्हणाले.

मला मात्र एकदम आठवलं. परवा महिला रविवार. त्या दिवशी उपासना बायका चालवतात. माझी बायको पहिल्यांदाच बोलणार होती, आणि तिचा विषय होता दाविदाचा शेला! दाखवायला एक शेलाही इस्त्री करून ठेवला होता.

शनिवारी ती शेंगाची चटणी कुटत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. कुटणं थांबलं.

"म्हंजे तुमी मनानंच बनवून सांगितलं?"

"व्हय."

"बया! आन् मी माहेरी सगळ्या वळसंगला सांगून बसले की!" क्षणभर तिचा चेहरा उतरला, आणि मग ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आणखी काय काय बनवलंय ते आत्ताच सांगा. उद्या फजिती नको."

आठवलं तेवढं सांगून टाकलं. ती डोक्याला हात लावून ऐकत होती.

"मग उद्या बोलू काय मी?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. आणि खरंच माहीत नव्हतं.

रविवारी तिनं शेला खांद्यावर टाकला आणि आमची सगळी गोष्ट मंडळीला सांगितली. हशा पिकला, माना माझ्याकडं वळल्या. कान तापले, पण बरंही वाटलं. शेवटी ती म्हणाली, "खरा अर्थ आमच्या घरात कुणालाच ठाऊक न्हाय. म्हणून आमी दोघं शुक्रवारी वर्गाला जाणार हाय." दोघं जाणार, हे मलाही तिथंच कळलं.

आता आम्ही पुढच्या बाकावर बसतो. ती लई प्रश्न विचारते. मीही एक विचारला परवा. विचारताना घाम फुटला, म्हणून खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. शेजारून बायकोचा हळूच आवाज आला, "सेला."

आम्हा दोघांना हसू आवरेना. पाळकसाहेबांनी विचारलं, का हसताय. सांगितलं.