आउलिसचा होकार

सी भाषेतला कोड मशीनसाठी उतरवणारा आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कंपायलर बदलायचा, तर ती ज्या-ज्या प्रकारच्या मशीनवर चालते, ते सांभाळणाऱ्या प्रत्येकाचा होकार लागतो. सगळ्यांनी दिला, अडून बसला तो उत्तर युरोपातल्या ओउलू शहराचा आउलिस. निवृत्त पोस्टमन, जन्मात एक पत्र चुकीच्या दारात न टाकलेला! सौनाशेजारच्या खोलीतल्या त्याच्या जुनाट मशीनवर नव्या कंपायलरनं सिस्टिम तयार व्हायला दहा आठवडे लागतात. तेवढ्यात सिस्टिमची पुढची आवृत्ती निघते, की हा पठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू. अशी सहा वर्षं गेली. आवृत्त्या काढायचं काम माझ्याकडे; यंदा मी वैतागून पुढची आवृत्तीच रोखून धरली. अखेर त्याचा फोन आला.

"झालं बघ! एकही चूक नाही."

"मग दे की बाबा होकार!"

"देतो रे. आधी हीच आवृत्ती जुन्या कंपायलरनं करून बघतो. त्या बिचाऱ्यावर अन्याय नको."