बेबी भामा

एके काळी मुखेडच्या बाजारात न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी भामाचा फोटो असायचा. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात माईक. साहेबरावाच्या गायन पार्टीत ती चौदाव्या वर्षी आली. भीमजयंतीच्या महिन्यात तिला ऐकायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. साहेबरावानं तिचं नाव ठेवलं ‘बेबी भामा’, आणि विशी उलटली तरी वेण्या सोडू दिल्या नाहीत.

पेटी वाजवणाऱ्या व्यंकटीनं तिला मागणी घातली, तेव्हा साहेबराव म्हणाला, “लग्न झालेल्या बेबीला कोण ऐकतंय? लोकांचं मन मोडू नको, भामे.”

लोकांचं मन राखायला तिनं स्वतःचं मोडलं. व्यंकटी पार्टी सोडून हैदराबादेकडं निघून गेला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींनी तळ दाखवला, तिथं गाण्याची सुपारी कोण देणार? पार्टी फुटली. भामा तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथं तिला सगळ्यांनी ओळखलं. दुपारच्या सुट्टीत बाया म्हणायच्या, “म्हण की गं एखादं.” ती म्हणायची. गाणं संपलं की बाया आपापल्या लेकरांना जवळ घेऊन भाकरी सोडायच्या आणि भामा बाभळीच्या विरळ सावलीला एकटीच बसायची. कुणी तिला टाळत नव्हतं; पण तिच्याशी घरचं काय बोलावं, ते कुणाला सुचत नव्हतं. फुफाट्यानं घसा बसला तो कायमचाच. मग गाण्याचाही आग्रह थांबला.

पुढं ती लातूरला डाळीच्या मिलमध्ये निवडायच्या कामाला लागली. लातूर जिल्हा झाला त्या दिवशी गावभर कमानी लागल्या होत्या. मिल सुटली, तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, “आता ऐका, बेबी भामा!”

भामा जागीच थबकली. गर्दीतून वाट काढत मंडपापाशी गेली. स्टेजवर एक पोरगी उभी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. पोरगी गातही चांगली होती. मागं पांढऱ्या केसांचा साहेबराव टाळ धरून बसला होता.

कार्यक्रम आटोपल्यावर ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. तो गडबडला.

“नाव चालून राहिलं होतं, भामे. म्हणून ठेवलं.”

“मला विचारायचं तरी.”

“तू असशील असं वाटलं न्हाई.”

भामा पोरीकडं वळली. “खरं नाव काय गं तुझं?”

पोरीनं आधी साहेबरावाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, “सुमन.”

“सुमन, कुणी मनापासून मागणी घातली तर यांना विचारू नको.”

पोरगी लाजून हसली. एवढ्यात तिला बघायला पोरांचा लोंढा आला आणि भामा धक्के खात मंडपाबाहेर पडली.

खोलीवर आली तर शेजारची शिवम्मा दारातच उभी.

“बेबी भामा आली होती म्हणं! माझ्या लग्नाआधी उमरीला ऐकलं होतं मी तिला. अजून तशीच हाय का गं?”

“हाव,” कुलूप काढत भामा म्हणाली, “तशीच हाय.”