पाझर तलावाकाठचे चार खुंट

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चौदा माणसांनी तंबू ठोकून दोन दिवस उघड्यावर राहायचे, हा बेत सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये शिजत होता, तेव्हा सिद्धनाथ गॅलरीत बसून सुतळीला पीळ देत होता. आत त्याचा मुलगा बिरुदेव, सून पूनम आणि बिरुदेवच्या कार्यालयातला मित्र बुद्धभूषण यांचा तंबूंच्या संख्येवर वाद चालला होता.

“घरात एवढा जाणकार असताना मोबाइलवर काय शोधताय?” बुद्धभूषण म्हणाला. “आबांनी चाळीस वर्षं हेच केलंय की.”

“आबा मेंढरं घेऊन राहायचे. आपल्याकडं मेंढरं कुठायत?” बिरुदेव म्हणाला.

“चौदा हायत की,” सिद्धनाथ गॅलरीतूनच बोलला, आणि पूनमला हसू आवरेना.

चार वर्षांत त्या घरात सिद्धनाथला जेवणाखेरीज कुणी काही विचारले नव्हते. चार वर्षांपूर्वी भर दुपारी एक मालट्रक त्याच्या कळपात घुसला होता. एकसष्ट मेंढ्या चिरडल्या गेल्या. ज्या मेल्या नव्हत्या, पण पुन्हा उठणारही नव्हत्या, त्यांच्या मानेवर त्याने स्वतःच्या हाताने कोयता फिरवला. तापलेल्या डांबरावर रक्त आटेपर्यंत तो फिरवतच राहिला. उरलेला कळप विकून तो मुलाकडे आला. अजूनही भाकरी मोडताना तो मध्येच थांबे आणि स्वतःची बोटे न्याहाळी.

म्हणून त्या दिवशी कोणी विचारले, तेव्हा तो भरभरून बोलला. वारा पाठीशी घ्यावा, पाण्यापासून शंभर पावले दूर राहावे, उंचवटा सोडू नये. जागा आपणच निवडू, हा त्याचा हट्ट होता, आणि तो मान्य झाला.

रविवारी जागा पाहायला चौघे गाडीने दुधनीकडच्या एका पाझर तलावाकाठी पोहोचले. शेताचा मालक सोलापुरात राहणारा, बुद्धभूषणच्या ओळखीचा; “खुशाल राहा,” असे तो फोनवर म्हणाला होता. सिद्धनाथने पायाने ढेकळे फोडत साऱ्या रानाला फेरी घातली, उंचवट्यावर थांबला आणि गाडीतून स्वतःची जुनी वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, काढली. जागा ओळखू यावी एवढ्यासाठी त्याने लाकडी मोगरीने चार खुंट ठोकले आणि त्यांवर जाळी टांगली.

खताच्या आशेने शेतकरी उन्हाळ्यात शेतात मेंढ्या बसवून घेतात. त्याची बोली तोंडीच होते, आणि ज्याचे खुंट रानात उभे राहिले त्याचा कळप तिथे बसणार, हे सारे मेंढपाळ मानतात. खुंट ठोकण्याआधी गावात विचारायचे असते. चाळीस वर्षांत सिद्धनाथ हे कधी चुकला नव्हता. पण जमिनीने पहिला खुंट घट्ट धरला, तो धक्का मोगरीतून त्याच्या खांद्यापर्यंत आला, आणि विचारायचे राहून गेले.

दुपारी दोनच्या सुमारास दीडशे मेंढ्या घेऊन नागप्पा आला. मालकाच्या वाटेकऱ्याने त्याला आठ दिवसांचा शब्द दिला होता. खुंट पाहताच त्याची पावले थबकली, आणि खुंटांपाशी उभ्या बिरुदेवकडे तो धावला.

“यार नी? कोण रं तू?”

“तुला काय करायचंय?” शर्टाची बाही झटकत बिरुदेव म्हणाला. “मालकाला विचारलंय आम्ही. मेंढरं तिकडं ने.”

नागप्पाची काठी बिरुदेवच्या कपाळावर बसली. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरले. दुसरा वार खांद्यावर पडला आणि बिरुदेव जाळीवर कोसळला. बुद्धभूषणने काठी धरायला हात घातला, तर त्याच्या छातीत कोपर बसले. तोवर सिद्धनाथ पोहोचला होता.

मोगरीच्या पहिल्या फटक्याने नागप्पाचे मनगट मोडले. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तिथेच भांडण संपले होते. सिद्धनाथ मात्र थांबला नाही. दुसरा फटका गुडघ्यावर, तिसरा बरगडीवर पडला. त्याचा हात खाली येत होता आणि पुन्हा वर जात होता, त्या दुपारी डांबरावर गेला होता तसाच, न चुकता, न थकता. चेहऱ्यावर राग नव्हता. बिरुदेवला त्याचीच भीती वाटली.

“आबा, मरंल त्यो,” पूनम म्हणाली. तिने त्याचा हात धरला नाही. तिला ते धाडस झाले नाही.

नागप्पाने दया मागितली नाही. मातीत गाल टेकवून तो सिद्धनाथच्या पायांमधून पलीकडे पाहत होता.

“तू बी धनगरच की. खुंट बघून बी कळंना तुला? मार. पर आदी मेंढरं बघ. सडकंला चालली ती.”

सिद्धनाथने मान वळवली. बिथरलेला कळप बांध ओलांडून राज्यमार्गाच्या दिशेने निघाला होता. दूरवर एका ट्रकचा हॉर्न वाजला. मोगरी त्याच्या हातातून गळून पडली आणि साठी ओलांडलेला तो माणूस अनवाणी धावत सुटला.

परक्या मेंढ्यांनी त्याची शीळ ओळखली नाही. सर्वांत पुढच्या मेंढ्याला त्याने डांबरापासून दहा पावलांवर शिंगाला धरून आडवे पाडले, त्याच्याबरोबर स्वतःही फरफटला, आणि मागचा कळप तटून उभा राहिला. ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

बुद्धभूषणने नागप्पाला गाडीत घातले. शेजारी रुमालाने भुवई दाबून बिरुदेव बसला. काठी मारणारा आणि काठी खाणारा एकाच सीटवर, एकाच दवाखान्याकडे.

“आबा, बसा,” बिरुदेव म्हणाला. त्याने वडिलांकडे पाहिले नाही.

“ह्याची मेंढरं कोन राखंल?” सिद्धनाथ म्हणाला. “हात जुळंस्तवर मी हाय हितं. तुमी जावा. पोलिसानं इचारलं तर हीच जागा सांगा.”

नागप्पाने काचेतून त्याच्याकडे बघितले आणि खिडकीबाहेर थुंकला. मग म्हणाला, “काळी मेंढी गाभन हाय. तिला मागं ठेवू नगं.”

गाडी गेली. सिद्धनाथने वाकडे झालेले खुंट उपटले नाहीत. नागप्पाच्या बोलीतल्या रानात त्याने ते पुन्हा सरळ केले आणि काळी मेंढी शोधायला कळपात शिरला.