एकशे सतराव्या नंबरची पाळी

भावाचे तेरावे झाल्यावर मी सांगलीला परतले नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातली रजा वाढवून घेतली आणि कडेगावजवळच्या आमच्या गावी राहिले. त्याच्या खोलीतला संगणक अजून चालू होता, आणि तो सोडून जाववेना.

धाकटा भाऊ पुण्यातल्या एका कंपनीचे काम घरून करायचा. फावल्या वेळात त्याने गावच्या पाणी संस्थेसाठी एक वेबसाइट केली होती. पंपाचे पाणी कुणाच्या उसाला कधी मिळणार हे ती ठरवायची आणि त्या सभासदाच्या फोनवर मेसेज पाठवायची. पूर्वी पाळ्या पंपघराच्या फळ्यावर खडूने लिहीत. कुणाचा तरी हात फिरला की नंबर बदलत, मग भांडणे होत.

एका दुपारी वीज गेली आणि संगणक बंद पडला. त्याच्या वहीत पाहून मी तो सुरू केला. वहीत लिहिले होते, हे एक यंत्र नाही, चार आहेत; म्हणजे एकाच संगणकात चालणारे चार छोटे प्रोग्रॅम. याला मायक्रोसर्व्हिस म्हणतात. एकाला फक्त सभासद माहीत. दुसरे पाळी ठरवते, तिसरे मेसेज पाठवते, चौथे वेबसाइटचे पान दाखवते. एकाने दुसऱ्याच्या कपाटात हात घालायचा नाही, हवे ते विचारून घ्यायचे. एवढ्याशा कामाचे चार तुकडे कशाला, असे मला वाटले. पुढच्याच ओळीत उत्तर होते: एक पडले तरी बाकीची उभी राहावीत.

चारही उभी राहिली. पण त्याच दिवसापासून मेसेज बंद झाले.

तिसऱ्या दिवशी संस्थेचे चेअरमन दारात आले. "आक्का, पानी एकशेसोळाच्या रानातच हाय अजून. पुढच्याला मेसेज आला न्हाई, मी का पान्याचं दारं बंद करू, म्हनतोय त्यो. त्येचा ऊस पवाया लागलाय आन् बाकीच्यांचा वाळतोय."

"मी बघते," मी म्हणाले.

"बगा. रविवारच्या सभेपातुर थांबतो. न्हाईतर फळा पुसून तयार हाय."

भावाने केलेले गावात एवढेच उरले होते, आणि तेही माझ्याच हातून बिघडले, अशी माझी खात्री झाली. वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. चारही यंत्रांची खुशाली दाखवणारे एक पान होते. त्यावर चार हिरवे ठिपके. ज्याला त्याला विचारावे तर तो म्हणतो, मी ठीक आहे. सगळे ठीक असताना काम कसे अडते, याचे मला एवढे नवल वाटले की त्या दिवशी चहाचीही आठवण राहिली नाही.

प्रत्येक यंत्र आपण काय केले ते ओळीओळीने लिहून ठेवते, त्याला लॉग म्हणतात. पाळीच्या यंत्राचा लॉग उघडला. दर मिनिटाला एकच ओळ होती. सभासद ११७ सापडला नाही. थांबलो.

कपाटातून संस्थेची जुनी छापील यादी काढली. एकशे सतरा म्हणजे माझा भाऊ.

सभासदांची यादी पंप ऑपरेटर सांभाळतात. ते मूळचे माणदेशाकडचे, वयाने माझ्यापेक्षा मोठे. मी त्यांना फोन केला. एकशे सतरा यादीत का नाही, ते विचारले.

"मीच काडलं नाव," ते म्हणाले. "धाव्याच्या दिशी. त्येचा फोन तुमच्यापाशी व्हता. त्यावर पाळीचा मेसेज वाजला असता, तर तुमास्नी कसं वाटलं असतं?"

म्हणजे मी काही बिघडवले नव्हते. पाळी फिरत फिरत त्याच्या नंबरापर्यंत आली होती, आणि तिथे माणूस नव्हता.

चेअरमनना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग वगळा की त्यो नंबर. हाय काय आन् न्हाई काय." वगळता येत होते. पाळीच्या प्रोग्रॅममधली ती जागा मला सापडली होती. पण तिथेच त्याने मराठीत टीप लिहून ठेवली होती: सभासद सापडला नाही तर पुढे जाऊ नये. माणसाला विचारावे. कुणाची पाळी परस्पर बुडू नये, म्हणूनच तर त्याने फळा बंद केला होता.

मी ऑपरेटरना विचारले, फळ्याच्या काळात काय करत होता?

"मानूस गेला तरी रान हाय न्हवं? पाळी रानाची ऱ्हाते. वारसाचं नाव लावायचं."

वारस नोंदीचा अर्ज तीन आठवडे टेबलावर कोराच पडून होता. भावाचे लग्न झाले नव्हते, आईवडील आधीच गेलेले; वारस मीच. तो भरला. वेबसाइटवर एकशे सतरासमोर मी माझे नाव आणि माझा नंबर लिहिला. मिनिटभराने लॉगमधली ओळ बदलली आणि माझा फोन वाजला. आपली पाळी उद्या सकाळी आठ ते बारा.

सकाळी ऑपरेटर बांधावर माझी वाट पाहत उभे होते.

"दारं धराय येतं का, आक्का?"

"पुस्तकात वाचलंय."

"मग चप्पल काडा आदी."

त्यांनी खोरे माझ्या हातात दिले, माती कुठे ओढायची ते दाखवले. पाणी पहिल्या सरीत शिरले आणि माझ्या घोट्यांवरून पुढे गेले. एवढ्या उन्हाळ्यात ते इतके गार असेल असे वाटले नव्हते. एक सरी भरली की ते आपोआप दुसरीत वळेल, असा माझा समज होता. तसे होत नाही. दर वेळी तिथे माणूस लागतो.

दहाच्या सुमारास एकशेअठरा नंबरवाला बांधावर येऊन बसला. मी घाईघाईने खोरे ओढू लागले तसा तो म्हणाला, "दमानं, आक्का. बारापातुर तुमचंच हाय."