टेकडी पाहिलेली बाई
बाळांनो, आज कूलरला नवा वाळा लावला आणि त्याच्या ओल्या वासाने मला एक दुपार आठवली, ती विसरायच्या आत तुम्हाला सांगते. असाच कूलर विद्यापीठातल्या त्या खोलीत घरघरत होता आणि माझा संशोधनाचा विषय मंजूर होतो की नाही ते ठरणार होतं. नाही झाला तर घरचे पुन्हा शिकू देणार नव्हते. विषय होता, पहाडी खेड्यांमधल्या खुनाच्या कादंबऱ्या. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, “बाई, पहाड कधी पाहिलाय?” मी म्हटलं, “टेकडी पाहिली आहे सर, दर मंगळवारी जाते.” माझे मार्गदर्शक सर कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो, ती गणपतीच्या देवळाची!” सगळे हसले. माझे कान तापले, पण मी बोलत राहिले, “सर, आमच्या महाल भागातल्या गल्लीत शिरून बघा. लगेच कोणीतरी विचारेल, ‘कोणाकडे चालले गा?’ या कादंबऱ्यांतही तसंच आहे. सारं गाव परक्याला न्याहाळत बसतं, म्हणून घरच्या खुन्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.” परीक्षक हसायचे थांबले. “पहाड राहू द्या,” ते म्हणाले, “गल्लीपासूनच सुरुवात करा,” आणि त्यांनी सही केली. आता आम्ही महाल सोडून प्रताप नगरला राहतो, पहाड आणि त्यावरचा बर्फ मी अजून पाहिलेला नाही. पण त्या गल्लीत नव्या माणसाला तो प्रश्न अजून विचारतात, आणि माझं नाव सांगितलं की चहाला बसवतात.