चाचांचा निवडुंग

निवडुंगाला कडेवर घेऊन एस्टीचा प्रवास करावा तर आमच्या पेशकारचाचांनीच. दुसऱ्या कुणाची तेवढी छाती नव्हती, आणि चाचांच्या छातीवरचे ओरखडे पुढं महिनाभर बुजले नाहीत.

निजामाच्या अमलात ते पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून, होते. अंमल गेला, नाव राहिलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्हा दोघा कारकुनांची बदली भूमहून थेट कोकणात झाली. मी बरोबर चिवडा घेतला. चाचांनी परसातल्या त्रिधारी निवडुंगाचा फाटा घेतला, कुंडीसकट. दोन्ही हात वर करून पैलवानानं सलामी द्यावी असा त्याचा घाट होता. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, ह्याचं तिकीट?"

"आधी बसाया जागा द्या, मंग काढतो."

कोकणातली घरमालकीण हसली. "अहो, हा कुंपणाला लावतात. कुंडीत कसला?"

"बाई, आपल्या गावात आमी बी कुंपणालाच व्हतो. परगावात कुंडीत ऱ्हावं लागतंय."

पाऊस लागला तशी चाचांची छत्री निवडुंगावर गेली आणि चाचा भिजत कचेरीत येऊ लागले. हा जगला तर आपणही इथं जगू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ईदेला गावी निघताना मला म्हणाले, "तेवढं पाण्याकडं ध्यान असू द्या."

आता दुष्काळी भूमच्या माणसाला पाण्याकडं ध्यान म्हणजे ते कमी पडू न देणं, एवढंच ठाऊक. भर पावसाळ्यात मी सकाळ-संध्याकाळ तांब्या ओतला.

चाचा आले तेव्हा बुडखा उकडलेल्या वांग्यासारखा झाला होता. त्यांनी बोट लावून पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "लई माया केली की तुमी!"

मग वरचा धड तुकडा कापून त्यांनी मालकिणीच्या चुलीवर, सुक्या बांगड्यांशेजारी, शिंक्यात सुकत ठेवला. रोज तिला विचारायचे, "आज तब्येत कशी?"

"बांगड्यापेक्षा बरी!"

पाऊस सरल्यावर तुकडा लावला. थंडीत त्याला कोंब फुटला, आणि त्याच आठवड्यात चाचांची भूमला परत बदली झाली. मी कुंडी पुसून आणली. चाचांनी ती परत ओट्यावर ठेवली.

"मूळ धरलंय त्यानं. आता कशाला उपटायचं? तुमी हाव की हितं. दोन शब्द बोलत जावा त्याच्यासंगं, न्हाय तर आपली बोली इसरंल."

निवडुंगाशी बोलायला मी काय खुळा होतो? पण मालकीण देवळात गेली, ओटा मोकळा झाला, की मी हळूच विचारायचो, "काय चाचा, जेवलाव का?"