मेताच्या फाटकावरची पिवळी फुली

गोर्लेबेनच्या मेताइतकी हट्टी बाई अख्ख्या जर्मनीत शोधून सापडायची नाही. अणुवीज केंद्रांतलं जळून उरलेलं इंधन तिच्या गावाखालच्या मिठाच्या थरात कायमचं गाडायचं, असा सरकारचा बेत. ते घेऊन गाडी आली की मेता बटाट्याची कामं टाकून रुळांवर जाऊन बसायची. पोलीस तिला उचलायचे तेव्हा ओरडायची, "सावकाश रे बाबांनो, कंबर गेलीये माझी!" नवरा हिनर्क थर्मासमधून सूप पाजायचा. निषेधाची पिवळी लाकडी फुली फाटकावर ठोकली तीही त्यानेच. तो गेला, फुली राहिली.

शेवटी सरकारने कबूल केलं, इथला मिठाचा थर ते इंधन गाडायच्या लायकीचा नाही. गाव नाचलं. शेजारच्या वेर्नरने आपली फुली उतरवली.

"जिंकलो की गं मेता! काढ आता तुझी."

"आणि कोठारातली ती एकशे तेरा पिंपं? ती काय तुझा बाप नेणार?"

गाडायची जागा ठरेपर्यंत गावाबाहेरच्या कोठारात 'तात्पुरती' म्हणून ठेवलेली त्या इंधनाची पिंपं ती. आता नवी जागा सापडायला किती वर्षं, देव जाणे. चार दिवसांचे पाहुणे ठाण मांडून बसले होते.

त्यातच लेक आन्के म्हणाली, "आई, मला त्या कोठारात नोकरी लागलीये. किरणोत्सर्ग मोजायची."

मेताने कपाळाला हात लावला. "याचसाठी कडेवर घेऊन बसले होते का तुला रुळांवर? तुझ्या बापाला काय वाटलं असतं?"

"पिंपं आहेत ना तिथे? मग कुणीतरी लक्ष ठेवायला नको? तुझा भरवसा तरी दुसऱ्या कुणावर आहे?"

मेताने पाच दिवस अबोला धरला. लेक या घरातून कायमची तुटणार, अशी धास्ती तिला होती. पण हट्ट सुटेल तर ती मेता कसली!

सहाव्या दिवशी सकाळी आन्के पहिल्यांदा कामावर निघाली. फाटकाशी, फुलीखाली, आई उभी. हातात हिनर्कचा पोचे पडलेला थर्मास.

"बटाट्याचं सूप आहे. गरम आहे तोवर पी. आणि आकडे खरे सांगायचे हो मला, रोज संध्याकाळी. लपवलेस तर बघ, कोठाराच्या दारात येऊन बसेन."

"कंबर गेलीये तुझी, आई."

"तूच उचलशील मग," मेता म्हणाली.